निर्लेखनानंतरची उपकरणे

जुन्या इलेक्ट्रॉनिक मापन-उपकरणांच्या भारतातील व्यापाराला दुसऱ्या महायुद्धाच्या उरलेल्या मालाने चालना दिली. १९४५ मध्ये युद्ध संपले आणि ब्रिटिश व अमेरिकी फौजांची बिनतारी यंत्रे, मीटर आणि व्हॉल्व्ह विक्रीला निघाले. हा 'डिस्पोजलचा माल' हौशी रेडिओचालकांच्या आणि दुरुस्ती करणाऱ्यांच्या हाती पडला. अमेरिकी सैन्याचा बीसी-२२१ हा वारंवारतामापक त्यांच्यात विशेष मान मिळवून होता. १२५ किलोहर्ट्झपासून २० मेगाहर्ट्झपर्यंत तो अचूक मोजे, पण त्याच्यासोबत आलेली अंकनवही हाताशी असली तरच. प्रत्येक यंत्राची वही त्याच यंत्रावर मोजून केलेली असल्याने वही हरवली की उरे ती निव्वळ जड पेटी.

मापनाच्या जुन्या साधनांचे खरे दुखणे तेव्हापासून हेच राहिले. यंत्र चालते, पण ते खरे सांगते याची हमी देणारा कागद मालक बदलताना मागे राहतो.

चंद्रपूर जिल्ह्यात अशी साधने आली ती उद्योगांमागून. बल्लारपूरची कागद गिरणी, वर्धा खोऱ्यातील कोळसा खाणी, भद्रावतीचा आयुध निर्माणी कारखाना आणि १९८०च्या दशकात सुरू झालेले महाऔष्णिक वीज केंद्र, असा हा विस्तार आहे. अशा कारखान्यांत विद्युत विभागाला मोटार आणि केबलचे इन्सुलेशन तपासायला मेगर लागतो, नियंत्रण-यंत्रणेच्या दुरुस्तीला मल्टिमीटर आणि ऑसिलोस्कोप. मल्टिमीटरांच्या जुन्या घराण्यात ब्रिटिश ॲव्हो अग्रगण्य. तो १९२३ मध्ये टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकॅडी यांच्या कल्पनेतून बाजारात आला. त्याच्या 'मॉडेल ८'मध्ये रोध मोजण्यासाठी १५ व्होल्टची वेगळी बॅटरी बसते, आणि ती मिळेनाशी झाल्याने ओहमचा एक पल्ला मुका पडलेले ॲव्हो पुष्कळ सापडतात. पुढे देशी माल वाढला. ठाण्याच्या ॲपलॅबने १९६२ पासून वीजपुरवठा-संच आणि चाचणी उपकरणे बनवली, तर इंदूरच्या सायंटिफिकने जर्मनीच्या हॅमेगच्या धर्तीवर ऑसिलोस्कोप काढले. १९९१ पूर्वी परदेशी यंत्रावर परवाने आणि जबर आयातशुल्क असल्याने बिघडलेले यंत्रही दुरुस्त करून राखले जाई.

सरकारी मालकीची वस्तू मात्र कपाटातून थेट दुकानात जात नाही. जडवस्तू नोंदवहीतून तिचे निर्लेखन होते, मग लिलाव. केंद्रीय उपक्रमांचा असा भंगार माल १९६४ मध्ये स्थापन झालेल्या एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत विकला जातो. इथेच उपकरणांचे नशीब फिरते. केबल, मोटारी आणि पॅनेल यांच्या एकत्रित लॉटमध्ये मीटर गेला की बोली लावतो तो तांब्याचा हिशेब करणारा कबाडी. एका ऑसिलोस्कोपसाठी कोणी संपूर्ण लॉट उचलत नाही. चांगली यंत्रे फुटण्याचे कारण अज्ञानापेक्षा ही पद्धतच अधिक म्हणावी लागेल.

शेजारचा गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा जिल्हा झाला. आष्टीची कागद गिरणी सोडल्यास तिथे मोठे कारखाने दीर्घकाळ जवळजवळ नव्हतेच. तिथला गिऱ्हाईक म्हणजे मोटार-रिवायंडिंगवाला किंवा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा. साध्या मल्टिमीटरवर त्याचे बहुतेक काम भागते.

या भागाचे हवामानही उपकरणांना मानवत नाही. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४७-४८ अंशांवर चढतो. तापमान दहा अंशांनी वाढले की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, त्यामुळे बंद गोदामात पडलेला संचही सुरक्षित नसतो. पावसाळ्यातील दमट हवेने निवडस्विचचे संपर्क काळवंडतात, उच्चदाबाच्या भागात गळती सुरू होते. म्हणून जाणकार असा ऑसिलोस्कोप एकदम पूर्ण दाबावर लावत नाही. व्हेरिॲकने हळूहळू दाब वाढवतो, कपॅसिटर बदलतो, आणि मगच दुसऱ्या भरवशाच्या मीटरशी वाचन ताडून पाहतो. कारखान्याच्या अधिकृत मोजणीसाठी हे पुरत नाही, तिथे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र लागते. जुन्या यंत्रासाठी ते घेण्याचा खर्च कित्येकदा त्याच्या किमतीवर जातो.

२०१०च्या आसपास चिनी डिजिटल ऑसिलोस्कोप स्वस्त झाले आणि चित्रनलिकेच्या जड यंत्रांची मागणी ओसरली. ई-कचऱ्याच्या २०१६च्या नियमांचा रोख माहिती-तंत्रज्ञान आणि घरगुती उपकरणांवर होता. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत प्रयोगशाळेतील उपकरणेही आली. परिणामी निर्लेखित मालाची विल्हेवाट आता नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे वळवावी लागते.