बिडीचे सूप आणि सरकारी मर्यादा

सोलापूर म्हटले की गिरण्यांचे भोंगे आठवतात. परंतु येथील कित्येक एकाकी मातांचा संसार बिडीच्या सुपावर चालत आला आहे. पाने-तंबाखू घरी आणावी, मुले सांभाळावीत आणि हजारी मजुरीने बिड्या वळाव्यात, असा हा उद्योग.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी काढली, ती विधवांस स्वतःच्या पायांवर उभे करण्यासाठी. पुढे १९८० साली महाराष्ट्र सरकारने संजय गांधी निराधार अनुदान योजना काढून विधवा व परित्यक्तांस मासिक साहाय्य देऊ केले. हेतू स्तुत्य खराच. २०२३ साली ही रक्कम दीड हजार रुपये झाली. पण कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा तेव्हाही वर्षास २१,००० रुपयेच, म्हणजे महिना १,७५० होती! मर्यादेवर टेकलेल्या मातेने शंभर रुपये अधिक मिळवावेत आणि दीड हजारांचा हक्क गमवावा, हा हिशेब तिला कष्ट लपविण्यास शिकवितो.

मिळकत वाढेल तसतसे अनुदान क्रमाने उतरावे, एकदम तुटू नये, असे आम्हांस वाटते. नाही तर कर्व्यांनी शिकविलेले स्वावलंबनच दंडास पात्र ठरावयाचे.