परसातल्या कोंबडीचं औषधपाणी
परसातली कोंबडी आजारली की खेड्यात लगेच सुरी शोधतात, हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. कोंबडीच्या रोगांवर लस नव्हती असं नाही. १८७९-८० मध्ये लुई पाश्चरने प्रयोगशाळेतली पहिली लस घडवली तीच मुळी कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर. राणीखेत रोगावर, म्हणजे आपल्या मानमोडीवर, पुढे मुक्तेश्वरच्या संस्थेत लस तयार झाली. पण लस यायची शेकडो मात्रांच्या कुपीत. ती बर्फात ठेवायची आणि एकदा कालवली की काही तासांत संपवायची. पाच-सात कोंबड्या पाळणाऱ्या बाईने ती आणावी कुठून आणि उरलेलीचं करावं काय? विचार झाला होता तो मोठ्या पोल्ट्रीचा. उष्णता सोसणारी लस ऑस्ट्रेलियात खेड्यांसाठी मुद्दाम विकसित झाली, तीही विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत.

म्हातारी कोंबडी पोसणं परवडत नाही, हा दुसरा आक्षेप पिंजऱ्यातल्या अंड्यांच्या हिशोबात खरा आहे. परसातला हिशोब वेगळा. अंडी कमी झाली तरी गावठी कोंबडी खुडूक बसते, पिलं उबवते, घारीपासून राखते, आणि उकिरडा उकरून पोटही स्वतःच भरते. अशी जाणती कोंबडी मुद्दाम राखली जाई; मानमोडीच्या साथीत ती गेली की बाईच्या हातातला मीठमिरचीचा पैसाही जाई.