बेकारी भत्त्याचा हक्क आणि तारखेची पोच

इंग्लंडमध्ये १९११ साली राष्ट्रीय विमा कायदा झाला. बेकारी भत्त्याचा दावा नाकारला गेलेल्या कामगाराला दाद मागण्यासाठी त्यात पंचांचे मंडळ होते: मालकांचा एक प्रतिनिधी, कामगारांचा एक आणि वर अध्यक्ष. परभणीच्या शेतमजुराला असा भत्ता कायद्याने मिळू लागला तो २६ जानेवारी १९७९ पासून. त्याच्यासाठी पंच नव्हते. तलाठी होता, ग्रामसेवक होता आणि तहसील होती.

या हक्काचे मूळ १९७२ च्या दुष्काळाआधीचे आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ पासून तासगाव तालुक्यातील विसापूर येथे 'मागेल त्याला काम' या कल्पनेचा प्रयोग चालवला होता. दुष्काळाने तिला राज्यव्यापी रूप दिले. मराठवाडा त्यात होरपळला. खडी फोडणे, पाझर तलाव, नाला बांध, रस्ते अशा कामांवर मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसे होती.

पुढे १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमाने दुष्काळी मदतीचे हक्कात रूपांतर केले. मागणीपासून १५ दिवसांत काम. न दिल्यास दिवसाला किमान १ रुपया भत्ता. रक्कम त्या काळच्या मानानेही क्षुल्लकच. महत्त्व होते ते सरकारने स्वतःवर घेतलेल्या बंधनाला.

मात्र १५ दिवस मोजायचे कोठून? अर्जाच्या तारखेपासून. काम मागण्याचा अर्ज म्हणजे नमुना ४. त्याची तारीखवार पोच हाती नसेल, तर ग्रामसेवकाला तोंडी दहा वेळा विनवले तरी कायद्याच्या लेखी मजुराने काम मागितलेलेच नसते. अर्ज ठेवून घ्यायचा आणि पोच द्यायची नाही, ही तक्रार योजनेइतकीच जुनी. भत्ता प्रत्यक्षात जवळजवळ कोणालाच मिळाला नाही, यामागे ही एक साधी गोष्ट मोठी होती.

शिवाय थांबणे परवडणारे नव्हते. गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतील कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल हंगामाआधीच रोख हाती पडते; हमीचे काम अर्ज देऊन पंधरवडाभर वाट पाहायला लावते. चूल पेटवायची असलेल्या माणसाने कोणता मार्ग धरावा, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

केंद्राचा २००५ चा रोजगार हमी कायदा टप्प्याटप्प्याने आला. परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला हिंगोली जिल्हा २००६ च्या पहिल्याच यादीत होता. परभणी २००८ मध्ये आली. औंढ्याच्या मजुराला जो कायदा लागू झाला, तो शेजारच्या जिंतूरला दोन वर्षे उशिरा पोहोचला. अर्थात राज्याची जुनी हमी दोन्हीकडे होतीच.

नव्या कायद्यात भत्ता वाढला: पहिले ३० दिवस मजुरीदराच्या किमान एक चतुर्थांश, त्यानंतर किमान निम्मा, आणि देय झाल्यापासून १५ दिवसांत तो द्यायचा. पण मेख निराळ्याच कलमात आहे. अकुशल कामाची मजुरी केंद्र देणार, भत्ता मात्र राज्याने स्वतःच्या तिजोरीतून द्यायचा. म्हणजे नमुना ४ वर खरी तारीख पडली आणि काम निघाले नाही, तर खर्च राज्याचा. तारीख कोरी का राहते, याचे बरेचसे उत्तर येथे सापडते. एकट्या ग्रामसेवकाला दोष देणे अपुरे आहे.

दाद मागण्याची वाटही त्याच इमारतींतून जाते. महाराष्ट्रात कार्यक्रम अधिकारी म्हणजे तहसीलदार. तक्रार त्याने ७ दिवसांत निकाली काढायची. तक्रार त्याच्याविरुद्धच असेल, तर जिल्हाधिकाऱ्याकडे जायचे. त्या प्रत्येक पायरीवर पहिला प्रश्न एकच: पोच आहे का? म्हणून मजूर संघटनांचा आग्रह भत्त्याच्याही आधी पोचेवर राहिला. अर्ज गटाने द्यायचा, आणि तारीख व सही मिळेपर्यंत कार्यालयाची पायरी उतरायची नाही.