धनी गेल्यावर घर कोणाचे?

श्रोतेहो, आम्ही वकील नाही आणि इतिहासाचे प्राध्यापकही नाही. आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले; वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, कामे आटोपल्यावर. परंतु त्या कचेरीत एक प्रश्न आम्ही पुन्हा पुन्हा ऐकला आहे. कामगार दगावतो, तेरावा उरकतो न उरकतो तोच त्याची बायको दाराशी येते आणि विचारते, "आता खोली कोणाची?" पैशाचे ती मागाहून विचारते, आधी डोक्यावरच्या छपराचे. जगात इतरत्र या प्रश्नाला काय उत्तर दिले गेले, हे पाहावे म्हणून आम्ही फ्रान्सचा इतिहास हाती घेतला. समतेची घोषणा जगाला देणाऱ्या त्या देशात विधवेला पतीच्या वारसांत मानाची जागा मिळायला दोनशे वर्षे लागली, हे वाचून आम्ही चकित झालो.

राज्यक्रांतीपूर्वी फ्रान्समध्ये एक कायदा नव्हता. उत्तरेत प्रांतोप्रांतीच्या रूढी चालत, दक्षिणेत रोमन परंपरेचा लेखी कायदा. पॅरिसच्या रूढीप्रमाणे लग्नाच्या दिवशी पतीची जी स्थावर मिळकत असे, आणि पुढे आईबापांकडून जी त्याच्याकडे येई, तिच्या निम्म्या भागाचा तहहयात भोगवटा विधवेला मिळे. याला 'दुएर' म्हणत. दक्षिणेत निर्धन विधवेसाठी चतुर्थांशाची तरतूद होती. म्हणजे राजेशाहीच्या त्या अंधाऱ्या काळातही विधवेच्या पोटाची काही सोय होती.

मग क्रांती झाली. १७९४ च्या जानेवारीतील कायद्याने सर्व मुलांना समान वाटा दिला. ही मोठीच गोष्ट. पण जुन्या रूढी मोडल्या त्यांबरोबर दुएरही गेला. पुढे १८०४ साली नेपोलियनची नागरी संहिता आली. तिने वारसांची रांग लावली, ती रक्ताच्या नात्याने. सख्खा भाऊ दुसऱ्या पायरीचा, चुलतभाऊ चौथ्या पायरीचा, अशा मोजणीने बाराव्या पायरीपर्यंतचे नातलग वारस ठरले. बारावी पायरी म्हणजे सहा पिढ्यांमागचा पूर्वज तेवढा सामाईक! असा एकही नातलग नसेल आणि अनौरस संततीही नसेल, तरच पत्नीला वारसा. तिच्या मागे रांगेत उभे होते ते फक्त सरकार.

कोणी म्हणेल, लग्नाच्या सामाईक मिळकतीतला अर्धा भाग तिचा होताच की! होता. वेगळा करार केला नसेल तर जंगम माल आणि संसारात मिळवलेली मिळकत सामाईक धरली जाई, आणि तिचा अर्धा हिस्सा पत्नीचा. आमच्या भाषेत सांगायचे तर तो वारसा नव्हे, तिच्या कष्टाची मजुरी होती. आणि तीही पती जिवंत असेतो त्याच्याच ताब्यात. पण वडिलोपार्जित घर आणि जमीन या सामाईकात येत नसे. जिथे चूल पेटवली, मुले वाढवली, ते घर कधी तोंड न पाहिलेल्या भाऊबंदाकडे जाऊ शके.

या अन्यायामागे एका चुकीची कथा आहे. संहितेचा मसुदा राज्यपरिषदेत चर्चेला असताना मालव्हील यांनी विचारले, गरीब विधवेची सोय का नाही? त्रेयार यांनी उत्तर दिले की एका कलमाने तिसऱ्या हिश्शाचा भोगवटा दिलेलाच आहे. सभा निर्धास्त झाली. प्रत्यक्षात ते कलम मृताच्या आईबापांसाठी होते, विधवेसाठी नव्हते! कागद नीट न वाचल्याची शिक्षा तीन पिढ्यांच्या बायकांनी भोगली.

तीन पिढ्या आम्ही उगीच म्हणत नाही. १८६६ मध्ये लेखकांच्या विधवांना ग्रंथस्वामित्वाचा भोगवटा मिळाला. सर्वसामान्य विधवेसाठी देलसोल यांनी १८७२ साली विधेयक मांडले; ते कायदा होईपर्यंत १८९१ उजाडले. मुले असतील तर चतुर्थांशाचा, इतर वारस असतील तर निम्म्याचा भोगवटा, मालकी नव्हेच. १९१७ साली नातलगांची रांग सहाव्या पायरीवर तोडली गेली. १९५७ साली विधवा काकामामा आणि चुलत-मावस भावंडांच्या पुढे आली; मृताचे सख्खे भाऊबहीण मात्र अजून तिच्या पुढेच होते.

३ डिसेंबर २००१ च्या कायद्याने हे चित्र पालटले. मूलबाळ नसेल आणि आईबापही नसतील, तर आता भावाबहिणींच्या आधी जोडीदार. सर्व मुले त्याच दांपत्याची असतील तर संपूर्ण मिळकतीचा भोगवटा किंवा चतुर्थांशाची मालकी, यांतून निवड करता येते. मृताला दुसऱ्या संबंधातली मुले असतील तर फक्त चतुर्थांशाची मालकी. राहत्या घरात एक वर्ष फुकट राहण्याचा हक्क मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही. घर भाड्याचे असेल तर वर्षाचे भाडे मृताच्या मिळकतीतून द्यावे लागते. स्वतःच्या घरात तहहयात राहण्याचा हक्कही आहे, पण तो नोटरीपुढे केलेल्या मृत्युपत्राने काढता येतो. हे सारे विवाहितांसाठी. लग्नाविना सोबत राहिलेल्या जोडीदाराला मृत्युपत्रावाचून वारसा नाही.

तरीही श्रोतेहो, संघटनेत आम्ही एक गोष्ट शिकलो. कायद्याच्या पुस्तकातला हक्क चालून घरी येत नाही. फ्रान्समध्येही तहहयात राहण्याचा हक्क हवा असेल, तर मृत्यूनंतर एका वर्षाच्या आत तसे सांगावे लागते. भोगवटा की मालकी, असे दुसऱ्या वारसाने लेखी विचारले आणि तीन महिने उत्तर गेले नाही, तर भोगवटाच निवडला असे धरतात. दुःखात बुडालेल्या बाईला मुदतीची तारीख कोण सांगणार? तिच्या शेजारी बसून तो कागद तिला वाचून दाखवणारे माणूस हवे. दोनशे वर्षांपूर्वी राज्यपरिषदेत कागद नीट वाचला गेला नाही. निदान आपण तरी तो वाचावा, आणि नवरा-बायको दोघेही हयात असतानाच वाचावा.