ताटातल्या भाताची परीक्षा

पानात पडलेला भात कुठून आला, हे मुलांना कितपत कळते ते मोजण्याची कल्पना आज नवी वाटते. आपण मात्र १९ ऑक्टोबर १८८२ पर्यंत मागे जाऊ. त्या दिवशीच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाकडे प्राथमिक शाळांत शेतीचे ज्ञान मागितले, आणि खेड्यातल्या शाळेला लहानसे नमुना शेत जोडावे असेही सुचवले. सरकारने ते मनावर घेतले नाही.

पुढचे वळण ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला येते. वर्धा आणि ज्याच्याकडे आपण शेवटी वळणार आहोत ते बालाघाट तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाड या एकाच प्रांतात होते. गांधीजींच्या पुढाकाराने भरलेल्या शिक्षण परिषदेने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने शेती आणि फळभाज्यांची बाग थेट अभ्यासक्रमात आणली. याच सुमारास त्याच प्रांतात रविशंकर शुक्लांची विद्यामंदिर योजना आली. तीत शाळेलाच जमीन द्यायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची होती. झाकिर हुसेन समितीच्या अहवालातली एक शिफारस मला सर्वांत मोलाची वाटते. प्रचलित परीक्षा शिक्षणाला शाप ठरली आहे, असे सांगून समितीने निवडक मुलांच्या गटांची नमुना-चाचणी सुचवली. म्हणजे मोजायचे होते, पण मुलाने वाफा केला, पाणी दिले, पीक काढले, त्यानंतर.

१९५६ साली वर्धा मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. मध्य प्रदेशातच १९७२ मध्ये होशंगाबादच्या १६ शाळांत विज्ञानशिक्षणाचा प्रयोग उभा राहिला. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवता येई, शिवाय प्रयोग करून दाखवावा लागे. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. २००५ पासून ‘असर’ या शैक्षणिक पाहणीने नमुना-चाचणी गावोगाव नेली, पण ती मुख्यतः वाचन आणि गणिताची. तिकडे ब्रिटनमध्ये २०१३ च्या एका पाहणीत प्राथमिक शाळेतल्या जवळपास एक तृतीयांश मुलांनी चीज वनस्पतीपासून होते असे मानले, आणि ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये व्हिजेन आणि गॅलेगोस यांनी अन्नसाक्षरतेची व्याख्या बांधली. अन्न कुठून आले हे ओळखणे तीत आहे. पण ते निवड करणाऱ्या ग्राहकाचे कौशल्य म्हणून.

बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या मुलासाठी चीजचा प्रश्न उपयोगाचा नाही. धानाचे पऱ्हे उपटून बांधीत पुन्हा का रोवतात? धानाचा तांदूळ होताना कोंडा कुठे जातो? कोदो-कुटकी कोणत्या जमिनीत येते? तिथली चाचणी या प्रश्नांची हवी, आणि ती रोवणीच्या दिवसांत, बांधावर घ्यायला हवी.