चार शिक्षकांचं पत्र

भारताच्या सरन्यायाधीशांना उद्देशून लिहिलेलं एक जाहीर पत्र आहे. तारीख १६ सप्टेंबर १९७९. खाली चार सह्या आहेत: उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार. चौघंही कायदा शिकवणारे. बक्षी, केळकर आणि सरकार दिल्ली विद्यापीठात, धागमवार पुणे विद्यापीठात. पत्र काही पानांचंच आहे, लोकलमध्ये उभ्या उभ्या फोनवर वाचून संपेल एवढं. पण आपल्याकडच्या लॉ कॉलेजांच्या इतिहासात त्याच्या तोडीचं दुसरं पान मला तरी सापडलेलं नाही.

मी शहापूरच्या कोर्टात वकिली करते आणि शनिवारी एका लॉ कॉलेजात फौजदारी कायदा शिकवायला जाते. माझ्या वर्गात किन्हवली, डोळखांबकडची मुलं आहेत, ती आसनगावहून लोकल पकडतात. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे टोकावडे-सरळगावची मुलं एसटीने कल्याण गाठतात आणि पहिलं लेक्चर हमखास चुकवतात. दरवर्षी ‘संमती’ हा विषय आला की मी हे पत्र वर्गात वाचते. ते का वाचावं लागतं, हे सांगण्यासाठी आधी खटला सांगायला हवा.

२६ मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज, आज ते गडचिरोलीत आहे. एक आदिवासी मुलगी, आईबाप नसलेली, भावाबरोबर मजुरी करून राहणारी. डॉक्टरांच्या अंदाजाने वय १४ ते १६. ती जिच्याकडे कामाला जायची त्या बाईच्या भाच्याशी तिचं जमलं होतं आणि दोघांना लग्न करायचं होतं. भावाला ते पटलं नाही. त्याने पोलिसांत तक्रार दिली की बहिणीला पळवून नेलंय. त्या तक्रारीवरून सगळ्यांना रात्री चौकीत आणलं गेलं. जबाब झाले. साडेदहाच्या सुमारास सगळ्यांना घरी जायला सांगितलं. मुलीला मात्र थांबवून घेतलं. नातेवाईक बाहेर रस्त्यावर उभे राहिले. आतले दिवे गेले, दार लागलं. मुलगी बाहेर आली तेव्हा तिने सांगितलं की एका कॉन्स्टेबलने तिच्यावर बलात्कार केला आणि हेड कॉन्स्टेबलनेही अंगचटीला येऊन तसा प्रयत्न केला. बाहेर गर्दी जमली, चौकी जाळायची भाषा झाली, तेव्हा कुठे तक्रार लिहून घेतली गेली.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात हा खटला तिच्याच नावाने ओळखला जातो, परीक्षेत मुलं तेच नाव लिहितात, मार्कही मिळवतात. पण पीडितेची ओळख छापणं हा गुन्हा ठरवणारं कलम २२८-अ याच खटल्यानंतरच्या दुरुस्तीत आलं. जिच्यामुळे ते आलं, तिला त्याचं संरक्षण कधी लाभलं नाही. निदान माझ्या लेखात तरी लाभावं.

१ जून १९७४ रोजी सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडलं. मुलगी १६ वर्षांच्या आतली असल्याचं सिद्ध झालं नाही, असं ठरलं. त्यामुळे सगळा खटला संमतीवर येऊन ठेपला. न्यायाधीशांनी तिला धादांत खोटं बोलणारी म्हटलं, तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचं लिहिलं आणि चौकीत जे घडलं ते संमतीने घडलं असं मानलं. १२ ऑक्टोबर १९७६ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हे उलटवलं. भीतीपोटी हतबल होऊन गप्प राहणं म्हणजे इच्छा नव्हे, असं त्या निकालाचं म्हणणं. कॉन्स्टेबलला पाच वर्षं, हेड कॉन्स्टेबलला एक वर्ष शिक्षा झाली. मग १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही पुन्हा निर्दोष ठरवलं. अंगावर जखम नाही, तिने आरडाओरडा केला नाही, तेव्हा प्रतिकार झाला नाही. आणि जिवाची किंवा इजेची भीती घातली गेली होती असंही दिसत नाही.

असा निकाल लागला की तो विधी अहवालांच्या जाड खंडात जाऊन बसतो. हाही बसला. एरवी तो वाचणारे दोनच प्रकारचे लोक, एक ज्यांना तो आपल्या अशिलासाठी वापरायचाय ते वकील आणि दुसरे शिक्षक. शिक्षक सहसा एवढंच करतात, की वर्गात जाऊन सांगतात, ‘लिहून घ्या, संमतीबद्दल अमुक निकाल.’ विद्यार्थी लिहून घेतात. निकाल बरोबर की चूक हा प्रश्न अभ्यासक्रमात नसतो. या चौघांनी तो विचारला, आणि वर्गात न विचारता थेट सरन्यायाधीशांना विचारला. निकालाला तेव्हा एक वर्ष आणि एक दिवस झाला होता.

सरन्यायाधीश होते यशवंत विष्णू चंद्रचूड. पुण्याचे, आयएलएस लॉ कॉलेजचे विद्यार्थी, आणि काही काळ मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात स्वतः शिकवलेले. निकाल देणाऱ्या तीन न्यायमूर्तींत ते नव्हते. तरी पत्र त्यांना गेलं, कारण मोठ्या पीठाकडून फेरविचार व्हावा ही मागणी होती. न्यायालयाच्या अवमानाचा कायदा १९७१ पासून होताच आणि पत्राची भाषा अजिबात गुळगुळीत नव्हती. विद्यापीठातली नोकरी सांभाळून असं लिहिणं तेव्हा सोपं नसावं. आजही नाही.

पत्रातला मुख्य मुद्दा साधा आहे. संमतीत शरण जाणं असू शकतं, पण प्रत्येक शरण जाण्यात संमती असते असं नाही. हे सांगून ते गप्प बसत नाहीत. रात्रीच्या वेळी, पोलीस चौकीत, दार लावून, गणवेशातल्या दोन पुरुषांसमोर एका पोरक्या मजूर मुलीने ओरडून मदत मागावी ही अपेक्षा न्यायालय कोणत्या आधारावर करतं, असं ते विचारतात. बायकांना चौकीत बोलावून चौकशी करू नये असा नियम फौजदारी प्रक्रिया संहितेत होता, आणि याच सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात त्या नियमाची कडक शब्दांत आठवण करून दिली होती. एका माजी मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत जे आठवलं ते मजुरणीच्या बाबतीत आठवलं नाही, हे पत्र वाचताना टोचतं. लग्नाआधी मुलीचे कोणाशी संबंध होते म्हणजे पोलिसांना परवाना मिळाला का, हा प्रश्नही तिथे आहे. मुलीचं वय, गरिबी, आदिवासी असणं, पोलिसांची सत्ता यांतलं काहीच निकालाच्या विचारात आलं नाही, ही त्यांची खरी तक्रार.

आता माझ्या वर्गाबद्दल. गेल्या वर्षी मी एक प्रयोग केला. पत्र आधी दिलंच नाही. गाव, सन, न्यायालय सगळं काढून खटल्याच्या फक्त हकिगतीचा कागद वाटला आणि विचारलं, ‘तुम्ही न्यायाधीश आहात. काय कराल?’ अर्ध्याहून जास्त हात निर्दोषच्या बाजूने वर झाले. त्यांत मुलीही होत्या. कारणं तीच: जखम नाही, ओरडली नाही, आधी एका मुलाबरोबर राहत होती. एक हुशार मुलगा म्हणाला, ‘मॅडम, सहानुभूती वेगळी, पुरावा वेगळा.’ वाक्य चांगलं होतं, वर्गाने माना डोलावल्या. १९७८ चा निकाल न वाचता या मुलांनी जवळजवळ शब्दशः लिहिला होता.

मागच्या बाकावर मुरबाड तालुक्यातल्या एका वाडीवरून येणारी मुलगी बसते. एरवी हजेरीला ‘येस मॅडम’ म्हणण्यापलीकडे तिचा आवाज मी ऐकला नव्हता. तिचं घर दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातं, ते पावसाच्या तोंडावर परत येतं. ती मात्र वसतिगृहात राहून शिकली. ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘आमच्या आजोबाला एकदा गार्डाने लाकडाच्या मोळीसकट धरलं होतं. मोळी घेतली, कोयता घेतला, कोंबडी पण मागितली. आजोबा एक शब्द बोलला नाही, कोंबडी आणून दिली. मग त्याने ती राजीखुशीने दिली असं लिहायचं का?’

त्यावर तो हुशार मुलगा काही बोलला नाही. त्यानंतर मी पत्र वाटलं. त्या दिवशी तास घंटेनंतरही चालला. ‘पण मग खोट्या तक्रारी?’ इथपासून ‘चौकीत बाईमाणूस पोलीस असते तर?’ इथपर्यंत सगळं निघालं. दोन मुलांचं शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांचं म्हणणं, शिक्षा द्यायची तर शंका राहता कामा नये. हेही कायद्याचंच तत्त्व आहे, आणि ते सोडा असं मी त्यांना सांगितलं नाही. एवढंच विचारलं, की शंका नेमकी कशामुळे येतेय? पुराव्यामुळे, की ती मुलगी कोण आहे त्यामुळे?

शहापूर-मुरबाडकडे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांच्या वाड्या-पाड्यांवर कायदा बहुतेक वेळा खाकी कपड्यांत किंवा कागद घेऊनच आलेला आहे. कायदा शिकून उलट्या बाजूने इकडे येणारी माणसं कमी, पण आहेत. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ ला पोलिसांच्या गोळीने पडलेले भाई कोतवाल वकील होते. माथेरानच्या नाभिक घरातले. शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठी आणि शाळा चालवणारा हा माणूस ४२ साली विजेचे मनोरे पाडायला निघाला, आणि त्यांच्याबरोबर हिराजी पाटीलही तिथेच गेले. ठाणे जिल्ह्यातच वारल्यांना वेठीविरुद्ध उभं करणाऱ्या गोदावरी परुळेकर या महाराष्ट्रात कायद्याची पदवी घेतलेल्या अगदी सुरुवातीच्या बायकांपैकी. माझे विद्यार्थी दर २ जानेवारीला सिद्धगडावर जातात, सेल्फी काढतात. कोतवाल वकील होते हे त्यांतल्या अनेकांना माहीत नसतं. तिथल्या भाषणांत क्रांतिकारक येतो, वकील येत नाही.

धागमवारांचा रस्ताही असाच वर्गाबाहेर गेलेला. धुळे जिल्ह्यातल्या आदिवासींच्या जमिनीच्या प्रश्नात त्यांनी काम केलं, आणि १९८५ मध्ये दिल्लीत ‘मार्ग’ ही संस्था काढून सामान्य माणसाला कायदा कळेल अशा पुस्तिका काढल्या. लोतिका सरकार त्याआधीच स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय समितीवर होत्या, जिचा अहवाल १९७४ च्या शेवटी आला. म्हणजे पत्र काही एका रात्रीच्या संतापातून आलेलं नव्हतं. लिहिणाऱ्यांना प्रश्नाची ओळख जुनी होती.

पत्राचं पुढे काय झालं? नागपुरात सीमा साखरे यांनी प्रकरण लावून धरलं. मुंबईत १९८० च्या सुरुवातीला बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. ८ मार्च १९८० ला अनेक शहरांत बायका रस्त्यावर उतरल्या आणि खटला पुन्हा उघडा म्हणाल्या. न्यायालयाने तो उघडला नाही. दोघे पोलीस निर्दोषच राहिले. ही गोष्ट आपण चळवळीच्या विजयाची कथा सांगताना भरभर ओलांडून जातो, म्हणून ती इथे थांबून लिहितेय.

कायदा मात्र हलला. विधी आयोगाने एप्रिल १९८० मध्ये ८४वा अहवाल दिला. १९८३ च्या दुरुस्तीने पोलीस, सरकारी नोकर, तुरुंग, दवाखाना यांच्या ताब्यात असताना होणारा बलात्कार हा वेगळा आणि जास्त शिक्षेचा गुन्हा ठरला. पुराव्याच्या कायद्यात ११४-अ आलं: अशा प्रकरणात संबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालय संमती नव्हती असंच धरून चालेल. देसाईगंजच्या रात्रीसाठीच जणू शिवलेलं कलम, पण अकरा वर्षं उशिरा. बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिची साक्ष पाडायची मुभा देणारं पोटकलम २००३ पर्यंत टिकलं. आणि पत्रातला तो मुख्य मुद्दा, की प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही, तो दंड संहितेत स्पष्ट शब्दांत आला २०१३ मध्ये, दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालापाठोपाठ. चार शिक्षकांना जे १९७९ मध्ये दिसलं होतं, ते कायद्याच्या पुस्तकात उतरायला ३४ वर्षं लागली. लोतिका सरकार त्याच वर्षी गेल्या, धागमवार पुढच्या वर्षी.

१ जुलै २०२४ पासून पुस्तकंच बदलली. ११४-अ आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १२० आहे, आणि २२८-अ न्याय संहितेत ७२ झालं. मुलं वैतागतात, ‘मॅडम, नेमका कुठला आकडा पाठ करायचा?’ दोन्ही, मी सांगते. त्या तारखेआधीचे गुन्हे जुन्याच कायद्याने चालतात, आणि आमच्या कोर्टाच्या रोजच्या बोर्डावर अजून तेच जास्त असतात.