ऑपॉसम : एका नामाचा व एका भ्रमाचा इतिहास

‘ऑपॉसम’ हा शब्द इंग्रजीत आला तो व्हर्जिनियाच्या किनारी प्रदेशात बोलल्या जाणाऱ्या पॉव्हॅटन या अल्गाँक्वियन कुळातील भाषेतून. ‘पांढरा कुत्रा’ किंवा ‘पांढरे श्वापद’ असा त्याचा मूलार्थ सांगतात. ही भाषा कालांतराने लोप पावली. तिचे जे थोडे शब्द उरले ते मुख्यतः कॅप्टन जॉन स्मिथ व विल्यम स्ट्रेची या वसाहतकारांच्या टिपणांत. स्मिथच्या १६१२ च्या वर्णनात डोके डुकराचे, शेपूट उंदराचे व आकार मांजराचा अशी जुळवाजुळव आहे. मात्र मादी पोटाखालच्या पिशवीत पिलांना ठेवते, वाहते व पाजते, हे त्याने अचूक नोंदविले आहे. अपरिचिताचे वर्णन परिचिताच्या तुकड्यांनी करावे, ही भाषेची जुनीच रीत होय.

या नामाचा प्रवासही लक्षणीय आहे. १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर जोसेफ बँक्स यास एक पिशवीधारी मादी सापडली व त्याने तिची गणना ऑपॉसमच्याच कुळात केली. हे कुळ केवळ अमेरिकेतील, असे म्हणणाऱ्या ब्यूफाँची चूक दाखविण्याची संधीही त्याने सोडली नाही. तेथील ‘पॉसम’ हे नाव याच सादृश्यबुद्धीचे फल. आपल्याकडील घुशीसही हाच अनुभव आला : तिचे ‘डुक्कर-उंदीर’ या अर्थाचे तेलुगू नाव इंग्रजीत ‘बँडिकूट’ झाले आणि पुढे ऑस्ट्रेलियातील एका निराळ्याच शिशुधान प्राण्यास चिकटले.

शास्त्रीय नामाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. लिनिअसने १७५८ मध्ये स्वीकारलेल्या ‘डायडेल्फिस’ या नामाचा ग्रीक अर्थ ‘दोन गर्भाशयांचा’ असा होतो. पिशवी हा जणू दुसरा गर्भाशय, ही कल्पना त्यामागे असल्याचे मानले जाते. वस्तुतः मादीचा आतील गर्भाशयच दुहेरी असतो. एडवर्ड टायसन याने १६९८ मध्येच मादीचे शवविच्छेदन प्रसिद्ध केले होते. नराचे जननेंद्रियही दुभागलेले असते, आणि येथेच लोकसमजुतीला पाय फुटले. दोन टोकांना दोन नाकपुड्या जुळतात; तेव्हा समागम नाकावाटे होतो व मादी पिले पिशवीत शिंकरते, असा तर्क अमेरिकेत दीर्घकाळ रूढ होता. प्रसूतीपूर्वी मादी पिशवी चाटते, हे खरे निरीक्षण होते. अनुमान तेवढे खोटे.

वाद मिटला तो टेक्सास विद्यापीठातील कार्ल हार्टमन याच्या १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रत्यक्ष निरीक्षणाने. अवघ्या बारा-तेरा दिवसांच्या गर्भवासानंतर जन्मलेले, मधमाशीएवढे पिलू पुढच्या पायांनी आईच्या केसांतून वर सरकत स्वबळाने पिशवी गाठते. आई त्यास उचलीत नाही. पिशवीत स्तनाग्रे बहुधा तेरा असतात. जन्मणारी पिले पुष्कळदा त्याहून अधिक असतात, आणि ज्यांना स्तनाग्र मिळत नाही ती मरतात.